आत्या अवलंबून असल्याचा पुरावा

१२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. साष्टांग अशासाठी की पुढचं वाचून तू भडकणार आहेस, आणि आडव्या पडलेल्या माणसाला तू मारत नाहीस.

हे मी फोनवर सांगायचा प्रयत्न केला होता. पण तुझा आवाज इकडे पोचेपर्यंत माझा तिकडे निघालेला असतो आणि शेवटी आपण दोघंही नुसतं "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवतो. म्हणून कागद घेऊन बसलोय.

तुझ्या इथे राहण्याच्या परवान्याचा अर्ज भरायला घेतला आहे. इथला नियम असा की नवरा-बायको, मुलं आणि आईवडील यांना सरळ बोलावता येतं. आत्या त्यांच्या हिशेबी लांबची. लांबच्या नातेवाइकाला एकच वाट मोकळी आहे. त्याचं आमच्यावाचून चालत नाही, तो रोजच्या जगण्यासाठी आमच्यावर अवलंबून आहे, असं सिद्ध करायचं.

तू आत्ता चष्मा काढून टेबलावर आपटला असशील. तो परत लाव आणि वाच.

तीन कागद लागतील. एक डॉक्टरांचा, की तुझी तब्येत नाजूक आहे. एक शेजाऱ्यांचा, की तुला एकटीला झेपत नाही. आणि एक तुझ्या हातचा, की तुझा दिवस कसा जातो. या तिसऱ्या कागदात जरा कण्हलीस तर बरं होईल. खोटं लिही असं मी म्हणत नाही. गुडघा दुखतो ना तुझा कधीमधी? तेच थोडं सविस्तर लिहायचं.

गेल्या वर्षी तू ड्रायव्हिंगचा क्लास बंद केलास आणि गाडी विकलीस, तेव्हापासून तुझी सून, म्हणजे माझी बायको, मला रोज विचारते, आत्या कधी येणार. मागची खोली तुझ्यासाठी रिकामी करून ठेवली आहे. खिडकीतून थेट चौक दिसतो. लोक गाड्या कशा चालवतात ते बघून नावं ठेवायची उत्तम सोय आहे.

तुझाच,
भोंग्या


२ मार्च

चि. भोंग्यास,

आशीर्वाद आहेत, पण हे पत्र संपेपर्यंत राखून ठेवले आहेत.

लांबची? तू पाळण्यात होतास तेव्हा गिरणीच्या भोंग्यासारखा रडायचास. तुझे आईबाप रडकुंडीला आले की तुला मांडीवर घेऊन गाडीतून गल्लीत चकरा कोण मारायचं? गाडी थांबली की तू सुरू आणि गाडी सुरू झाली की तू बंद. त्या पेट्रोलवर मी एखादं घर बांधलं असतं. त्या साहेबांना एकदा विचार, लांबची म्हणजे किती लांबची.

तरी तू म्हणालास म्हणून डॉक्टरकडे गेले. हा माझ्याच हाताखाली गाडी शिकलेला. दुसरा गिअर टाक म्हटलं की वायपर चालू करायचा, तोच तो. बिचाऱ्याने मन लावून लिहिलं, "गुडघे अधू, जिना चढणे अशक्य." मी म्हटलं, ऊठ. दवाखान्याच्या इमारतीचा जिना आम्ही दोघं चढलो. गच्चीवर मी पोचले. तो मधल्या मजल्यावर कठडा धरून बसला होता. मीच खाली येऊन त्याला पाणी आणून दिलं. मग त्याने "अशक्य" खोडून "शक्य" केलं. मी म्हटलं, सरकारी कामात खाडाखोड चालत नाही, नवा कागद घे. आता स्वच्छ अक्षरात "प्रकृती ठणठणीत" असं लिहिलं आहे. खाली सही आणि शिक्का.

भोंग्या, ज्याला रिव्हर्स येत नाही त्याला मी जन्मात कधी परीक्षेला पाठवलं नाही, मग तो बँकेचा मॅनेजर का असेना. आणि आता या वयात स्वतःलाच खोटं नापास करू?

शेजारचा कागद शिंपीणबाईने लिहिला. तिने सुरुवात केली, "आत्यांचे एकटीचे फार हाल होतात." मी विचारलं, कोणते हाल? एक सांग. ती दातात दोरा धरून बराच वेळ विचार करत बसली. हाल काही सापडेनात. मग तिने जे खरं आहे तेच लिहिलं, की तिच्या पाण्याच्या टाकीत उतरून ती मीच घासते, तिच्या शिलाई मशीनची मोटर मीच दुरुस्त केली आणि तिचा नवरा माझ्याशिवाय कोणाला घाबरत नाही. शेवटी तिने आपल्या मनाने एक ओळ घातली आहे, "आत्यांना नेऊ नये, आमचे कसे होणार?" ती ओळ मी काढायला सांगितली नाही. तिचं मत आहे ते.

तिसरा कागद माझा. त्यात लिहिलं आहे, "सकाळी उठते. स्वतःच. त्यापुढचंही सगळं स्वतःच."

तिन्ही कागद मी परस्पर त्या कार्यालयाला पाठवून दिले आहेत. तुझ्याकडे आले असते तर तू मधेच काहीतरी चाळे केले असतेस.

सूनबाईला आशीर्वाद. तिचे राखून ठेवलेले नाहीत.

आत्या


३० मार्च

आत्ये, आत्ये, आत्ये,

काय केलंस हे! तू माझ्या पायावर धोंडा मारलास. म्हणजे तुझ्या. म्हणजे आपल्या सगळ्यांच्याच.

मला कार्यालयात बोलावून घेतलं. मी नेमका एका सोळा मजली इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला तिच्या खड्ड्यात उतरलो होतो. तसाच ग्रीसने माखलेल्या हातांनी पळत गेलो. काचेपलीकडे एक बाई तुझे कागद भाषांतरासकट पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरचा कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं. तुझा वाचला, माझ्याकडे पाहिलं. शिंपीणबाईंचा वाचून झाल्यावर त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं, "या शेजारीणबाईंनाही अर्ज करायचा आहे का? त्यांची केस मजबूत वाटते."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. काच होती समोर, त्यात माझंच तोंड दिसत होतं.

तरी बाई भल्या निघाल्या. अर्ज लगेच फेटाळला नाही. त्यांचं जे कार्यालय तुझ्या गावात आहे, तिथला एक चौकशी अधिकारी घरी येऊन तुला बघून जाईल. तिकडचाच माणूस आहे, आपल्यासारखंच बोलतो. तो जे लिहील त्यावर सगळं ठरणार. तेव्हा आता हात जोडून सांगतो ते ऐक.

खुर्चीत बसायचं. अंगावर शाल. बाजूला काठी टेकवलेली, नसली तर कोणाची तरी माग. दार शिंपीणबाई उघडतील. हळू बोलायचं. त्याची कोणतीही चूक सुधारायची नाही, अगदी जिभेवर आली तरी गिळायची. आणि काहीही झालं, भूकंप झाला, तरी खुर्चीतून उठायचं नाही.

तुझा हवालदिल,
भोंग्या

(आत्या, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आहे म्हणून घाईघाईत लिहिते. इकडच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत हे तीनदा नापास झालेत. हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसने कामावर जातात. तुमच्यापाशी बोलायचं नाही अशी मला शपथ घातली आहे. लिहायचं नाही अशी घातलेली नाही. – तुमची सून)


२१ एप्रिल

भोंग्या,

तीनदा?

माझा भाचा? ज्याला चालायच्या आधी क्लच कळायला हवा होता, तो? कशात गेलास ते मी इथे बसून सांगते. चढावर थांबवून पुन्हा उचलताना गाडी मागे गेली. बरोबर ना? लहानपणापासून तुझं सगळंच घाईचं. क्लच सोडायचा म्हणजे सोडून द्यायचा नसतो रे. आता मला येणं भाग आहे. माझ्या हातून शिकलेल्यांत रिक्षावाले आहेत, डॉक्टर आहेत, एक अँब्युलन्सवाला आहे, आणि घरचाच पोरगा बसने हिंडतो म्हणजे काय! हे कळल्यावर माझी रात्र खराब गेली.

आता त्या चौकशीचं सांगते.

तू म्हणालास तसं सगळं केलं. शाल घेतली. काठी कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांची आणली. शिंपीण ठेवणीतले कपडे घालून दाराशी सकाळपासून उभी. अधिकारी आला. चाळिशीचा, किडकिडीत, गळ्यात ओळखपत्र. मी क्षीण आवाजात म्हटलं, "बसा." तुला अभिमान वाटला असता.

शिंपीण जरा जास्तच रंगात आली. "आत्यांना स्वतःच्या हाताने पाणीसुद्धा पिता येत नाही हो," असं म्हणून तिने भांडं माझ्या तोंडाला लावलं आणि ओतलं. निम्मं नाकात गेलं. मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ते सगळं लिहून घेतलं. फार छान चाललं होतं.

पण त्याने गाडी लावली होती ती आमच्या उतारावर. तोंड खाली, चाकं सरळ, हँडब्रेक नावापुरता ओढलेला. मला खिडकीतून सगळं दिसत होतं. तुला माहीत आहे, इतकी वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून माझ्या उजव्या पायाला खोड लागली आहे. समोर कोणी चुकलं की तो आपोआप ब्रेक दाबतो. तर शालीखाली माझा पाय सारखा जमीन दाबत होता. अधिकाऱ्याने विचारलं, "पाय असा नेहमी थरथरतो का?" मी म्हटलं, "हो." त्याने तेही लिहून घेतलं. आत्तापर्यंत मी एक शब्दही खोटा बोलले नव्हते, बघ.

आणि मग गाडी निघाली.

भूकंपात बसून राहिले असते, भोंग्या, शपथेवर सांगते. पण समोर उतारावरून मोकळी गाडी चालली आहे आणि मी खुर्चीत बसू? शाल एकीकडे, काठी दुसरीकडे. मी फाटकाबाहेर केव्हा पोचले ते माझं मलाच कळलं नाही. नशिबाने दार त्याने लॉक केलं नव्हतं, तीही चूकच. आत अर्धी शिरले आणि हँडब्रेक ओढला. न्हाव्याच्या दुकानाच्या काचेपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. आत एक जण दाढीला बसला होता. तो फेस लावलेल्या तोंडाने मला नमस्कार करून गेला. माझाच जुना विद्यार्थी.

अधिकारी धापा टाकत मागून आला. इथे मी गप्प बसायला हवं होतं, कबूल. पण त्याने "थँक्यू" म्हणून हात पुढे केला आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, थँक्यू नंतर, आधी चाकं बघ कुठे आहेत. उतारावर लावताना ती कडेच्या दगडाकडे वळवतात हे तुला कोणी शिकवलं? त्याने आमच्याच गावातल्या एका दुसऱ्या क्लासचं नाव सांगितलं. तरीच. मग मी त्याच्याकडून गाडी पुन्हा लावून घेतली. आणि परत एकदा, कारण पहिल्या वेळी आरसा बघितला नव्हता. शिंपिणीने त्याला पाणी आणून दिलं, ते तो स्वतःच्या हाताने प्यायला.

जाताना त्याने वही उघडली आणि विचारलं, "आजी, तुम्हाला मदत नक्की कशासाठी लागते?" मी म्हटलं, मला नाही लागत. माझ्या भाच्याला लागते, तीनदा नापास झालाय. त्याने तेही लिहून घेतलं.

एकंदरीत माझ्या मते चांगलं झालं. निघताना त्याने इंडिकेटर दिला.

तुझी,
आत्या


१८ मे

आत्या,

परवाना नाकारला आहे. मूळ कागद सोबत पाठवतो. त्यात लिहिलं आहे, "अर्जदार पूर्णपणे सक्षम असून कोणावरही अवलंबून नाही. चौकशी अधिकाऱ्याने हे प्रत्यक्ष अनुभवले आहे."

तुझं पत्र आम्ही दोघांनी हसून हसून वाचलं होतं. हा कागद आला तेव्हा मात्र मी जिन्यात बसून राहिलो. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर तुझा रागही आला. मी नापास झालो ते तुझ्यापासून लपवलं, चुकलंच. लाज वाटली. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या आत्याचा भाचा ना मी! पण तू तरी कुठे खरं बोलतेस? तू म्हणतेस भाच्याला गाडी शिकवायला यायचं आहे. गाडी मला इथला कोणीही शिकवील, चौथ्यांदा नाही तर सातव्यांदा होईन पास. तेवढ्यासाठी तू घरदार सोडून यावंस असं मला वाटत नाही.

तुला स्वतःला यायचं आहे का? एवढंच सांग. मी जन्मभर तुझ्याकडून ऐकलं आहे की तुला कशाची गरज नसते. ते खरं असेल तर मी पुन्हा विचारणार नाही, आणि रुसणारही नाही. दर वर्षी मीच येत जाईन.

खरं नसेल तर अजून एक संधी आहे. फेरविचाराची विनंती करता येते. त्यासाठी डॉक्टर नको, शेजारी नको, मीही नको. फक्त तुझ्या शब्दांत तुझं म्हणणं लागतं. नसेल लिहायचं तर नको लिहूस.

भोंग्या


९ जून

चि. भोंग्यास,

तो कागद पोचला. पहिल्या दिवशी मी जाम खूश होते. परदेशी सरकारचा शिक्का मारून "सक्षम" लिहिलेला कागद या गल्लीत कोणाकडे आहे? शिंपिणीला दाखवला, डॉक्टरला दाखवला, मास्तरांची काठी परत करायला गेले तेव्हा त्यांना दाखवला. संध्याकाळी सगळे चहाला आले. खूप हसलो. अधिकाऱ्याची नक्कल शिंपिणीने इतकी छान केली की डॉक्टर खुर्चीवरून घसरला.

मग सगळे आपापल्या घरी गेले. घरं असतात माणसांना, त्यात त्यांचा काही दोष नाही. मी कपबशा विसळल्या आणि तो कागद परत वाचला.

आणखी एक. गेले कित्येक दिवस माझा घसा बसला होता. डॉक्टरने बॅटरी मारून तपासला, काही सापडलं नाही. त्याने विचारलं, आत्या, तुम्ही दिवसभरात किती बोलता? मी आठवून पाहिलं. त्या दिवशी मी फक्त दूधवाल्याला "उद्या नको" एवढंच म्हटलं होतं. क्लास चालू होता तेव्हा सकाळपासून ओरडून माझा घसा कधी बसला नाही, आणि आता न ओरडता बसतो. वैद्यकशास्त्रात याला नाव नाही म्हणे.

सोबत एक कागद आहे. तो त्या कार्यालयात नेऊन दे. पाकीट बंद केलेलं नाही, कारण घरातला डिंक वाळून गेला आहे. तू वाचायचा नाहीस. सूनबाईनेही नाही. आणि चुकून वाचलातच, तर माझ्यासमोर त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

आत्या

माननीय अधिकारी यांस,

तुमच्या माणसाने लिहिलं ते बरोबर आहे. मला स्वयंपाक करता येतो, जिना चढता येतो, टाकी घासता येते. त्याला दोष देऊ नये. होतकरू आहे, आरसा बघायला लागला आहे.

पण जन्मभर माझ्या शेजारच्या सीटवर कोणी ना कोणी घाबरलेलं माणूस बसलेलं असायचं. एक उतरलं की दुसरं बसायचं. आता क्लास बंद आहे. शेजारी कोणी बसत नाही.

संध्याकाळी मी दोन कप चहा करते. सवय आहे. एक पिते. दुसरा तसाच गार होतो, मग टाकवत नाही म्हणून तोही मीच पिते. गार चहा मला अजिबात आवडत नाही.

भाच्याला गाडी शिकवायला जायचं आहे असं मी सांगितलं होतं. ती बतावणी होती. तो कोणाकडेही शिकेल. मला त्याच्याकडे आणि सूनबाईकडे राहायचं आहे. मला त्यांची गरज आहे. तुमच्या अर्जात ज्याला अवलंबून म्हणतात ते हेच असेल, तर मी आहे.

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, भाच्याला तर नाहीच. तरी त्याला कळू देऊ नये, ही नम्र विनंती.


१४ जुलै

प्रिय आत्या,

परवाना मिळाला!

काचेपलीकडच्या त्या बाईंनी स्वतः बाहेर येऊन माझ्या हातात दिला. त्यांनी नाकाला रुमाल लावला होता. सर्दी असेल. तिकीट काढतोय. सामान बेताचं आण.

तुझा तो कागद मी वाचलेला नाही. तुझ्या सुनेनेही वाचलेला नाही. आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात उभं राहून तो वाचला नाही, आणि मग तो न वाचता ती थोडी रडली, म्हणून मला पण न वाचता रडावं लागलं. मग पाकीट मी डिंक लावून बंद केलं आणि देऊन आलो. तेव्हा तुझ्यासमोर चकार शब्द काढायचा प्रश्नच येत नाही.

दुसरंच एक सांगायचं होतं, त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. सहज सुचलं म्हणून लिहितो. मी संध्याकाळी सहाच्या बसने घरी येतो. तू आलीस की चहा त्यानंतरच करायचा. दोन नाही, तीन कप. आणि सगळे गरम असतानाच प्यायचे.

तुझा,
भोंग्या